ज्वारीवरची भोरडी

पौष महिना आहे. रानात टाळकी ज्वारी उभी आहे. कणसांचा फुलोरा सरला आहे आणि दाण्यात चिक भरतो आहे. सकाळचे ऊन जरा वर येते, तोच आभाळात एक काळा ढग दिसतो. हा ढग पावसाचा नाही. तो मध्येच वळतो, मध्येच लांब होतो, मध्येच गोळा होतो. जवळ आला की त्यातून कलकलाट ऐकू येतो. मग तो ढग कोणाच्या तरी वावरात उतरतो.

मचाणावरून हाळी उठते, "आल्या, आल्या! भोरड्या आल्या!" गोफण फिरते. पत्र्याचा डबा वाजतो. ढग उठतो, बांध ओलांडतो आणि शेजारच्या वावरात बसतो. मग तिकडून हाळी उठते.

परभणी जिल्ह्यात हे काही नवे नाही. जिंतूरच्या माळापासून गंगाखेडच्या गोदाकाठापर्यंत भोरडी कोणाला ठाऊक नाही? पण आपण तिला ओळखतो ती कणसावर बसलेली. ती येते कुठून? जाते कुठे? रानात ज्वारी नसते तेव्हा काय खाते? पिले कुठे घालते? हे फारसे कोणी विचारत नाही. चोर म्हटला की त्याच्या घरची चौकशी कोण करतो!

आज आपण ती चौकशी करू. भोरडी आपला दाणा नेते. ज्याच्याकडे आपला दाणा गेला, त्याचा हिशेब पुरा मांडलेला बरा.

ओळख

भोरडी साळुंकीच्या कुळातली. साळुंकीएवढीच, फार तर किंचित लहान. डोके, मान, पंख आणि शेपटी काळी. त्या काळ्या रंगावर तेल लावल्यासारखी चकाकी असते. पाठ आणि पोट गुलाबी. डोक्यावर मागे पडलेला तुरा. या रंगावरून तिला पुस्तकात गुलाबी मैना म्हणतात. पळस फुलला की ती पळसावर दिसते, म्हणून पळसमैना असेही नाव आहे. हिंदीत तिला तिलियर म्हणतात. आपल्या शिवारात नाव एकच, भोरडी.

थंडीत पाहाल तर हा गुलाबी रंग मळका दिसतो. त्याचे कारण गमतीचे आहे. नव्या पिसांची टोके तपकिरी असतात. गुलाबी रंग त्यांच्याखाली झाकलेला असतो. हिवाळाभर ती टोके झिजतात आणि आतला रंग उघडा पडतो. कोऱ्या कापडाची खळ धुण्यात निघून जाते आणि मग त्याचा खरा रंग दिसतो, तसेच हे. फाल्गुनात भोरडी एकदम देखणी दिसू लागते ती यामुळे.

थव्यात काही पाखरे मातकट रंगाची आणि पिवळसर चोचीची असतात. ती वेगळी जात नव्हे. ती त्याच वर्षीची पिले.

ज्वारीवर दुसराही एक परदेशी पक्षी येतो. पोट पिवळे, नराचे डोके काळे, आकार चिमणीपेक्षा थोडा मोठा. तो भारीट. तोही धान्य खातो आणि तोही उन्हाळ्याआधी इराण, तुर्कस्तानाकडे निघून जातो. शिवाय पोपट आहेत, चिमण्या आहेत. तेव्हा कणीस रिकामे दिसले की सगळा आळ भोरडीवर घालू नये.

शास्त्रज्ञ भोरडीला गाणाऱ्या पाखरांच्या मोठ्या गटात घालतात. पण तिचे गाणे ऐकून कोणी मान डोलावील असे वाटत नाही. बाजाराच्या दिवशी एसटी स्टँडवर जो गलका असतो, तसे ते गाणे! सगळ्या एकदम बोलतात आणि ऐकत कोणीच नाही.

माहेर दूरदेशी

गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, "आबा, भोरडीचं घरटं कधी पाहिलंत का?" आबा विचार करतील आणि म्हणतील, "नाही बुवा! साळुंकीचं पाहिलं, चिमणीचं पाहिलं. भोरडीचं काही पाहिलं नाही."

आबांची नजर कमी नव्हती. भोरडी आपल्या देशात घरटे करीतच नाही.

भिंतीवर नकाशा असेल तर त्यात परभणी शोधा. तिथून सरळ वर, उत्तरेला, बोट न्या. भोपाळ आणि दिल्ली यांच्या जवळून जा. हिमालय ओलांडा. आणखी वर जा. तिथे कझाकस्तान नावाचा देश लागेल आणि त्यात आल्माटी नावाचे मोठे शहर दिसेल. परभणीपासून हे अंतर सरळ रेघेत सुमारे २,६०० किलोमीटर भरते. परभणीहून मुंबईला रेल्वेने साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास पडतात. म्हणजे जवळजवळ पाच मुंबया!

पण भोरडी सरळ रेघेने जात नाही. वाटेत हिमालयाची भिंत आहे. ती भिंत टाळून, पंजाब, पाकिस्तान आणि अफगाणिस्तान या बाजूने वळसा घेऊन ती जाते. प्रवास दिवसा, आणि थव्याने.

तिथे काय आहे? तिथे गवताचे माळ आहेत. आपले गायरान डोळ्यांपुढे आणा. त्याला झाड नाही, बांध नाही, आणि ते दिवसभर घोड्यावर चालले तरी संपत नाही, असे समजा. युरोपच्या पूर्व भागापासून थेट मंगोलियाच्या बाजूपर्यंत असे माळ जागोजाग पसरले आहेत. हिवाळ्यात त्यांवर बर्फ असते. वसंतात बर्फ वितळते आणि गवत वर येते. गवतात नाकतोडे आणि टोळ जन्म घेतात. मे महिन्यात भोरड्या तिथे पोहोचतात.

घरटे झाडावर नसते. दगडांचा ढीग, खडकाची कपार, पडक्या भिंतीतले भोक, अशा जागी थोडे गवत आणि पिसे घालून ती अंडी घालते. अंडी तीन ते सहा, फिकट निळसर. सुमारे पंधरा दिवसांत पिले बाहेर येतात आणि पुढे साडेतीन आठवड्यांत उडू लागतात. दीड महिन्यात सगळे आटोपते. एकेका ठिकाणी अशी हजारो घरटी शेजारी शेजारी असतात.

एवढी घाई का? पिलांना खायला टोळ आणि नाकतोडे लागतात, आणि ते गवत हिरवे असते तोवर पुष्कळ मिळतात. ज्या वर्षी ज्या माळावर टोळ जास्त, त्या वर्षी भोरड्यांची वसाहत तिथे. पुढच्या वर्षी टोळ दुसरीकडे असले तर भोरड्याही दुसरीकडे. मागच्या वर्षीच्या जागेवर एकही पाखरू दिसत नाही.

आपल्याकडे लेक बाळंतपणाला माहेरी जाते. भोरडीचे तसेच आहे. वर्षातले आठ-नऊ महिने ती आपल्या देशात राहते आणि पिलांपुरती माहेरी जाऊन येते. तिला आपण पाहुणी म्हणतो, पण हिशेब पाहता ती सासुरवाशीणच म्हटली पाहिजे. आणि तिचा नवराही बरोबर माहेरी जातो व पिलांना चारा भरवतो. हे मात्र आपल्याकडे सगळ्या घरी दिसत नाही!

दगड रचणारे आणि दगड मारणारे

चीन देशाच्या वायव्येला शिनजियांग प्रांत आहे. तिथले मेंढपाळ माळावर मेंढ्या चारतात. टोळ माजले की गवत फस्त होते आणि मेंढ्या उपाशी राहतात. टोळ मारायला विषारी औषध फवारावे तर पैसा लागतो, आणि ते विष गवतात आणि पाण्यात उतरते. तिथल्या लोकांनी पाहिले की भोरडी आली की टोळ कमी होतात. तेथील लोक सांगतात, एक भोरडी दिवसाला शंभरावर टोळ खाते.

मग त्यांनी काय केले? १९८० नंतरच्या वर्षांत त्यांनी माळावर मुद्दाम दगडांचे ढीग रचले. काही ठिकाणी विटांची, भोके असलेली बुटकी घरे बांधली. भोरडीने यावे आणि इथेच पिले घालावीत म्हणून! २०१८ साली तिथे एका मोठ्या रस्त्याचे काम चालू होते. रस्त्यासाठी आणलेल्या दगडांत भोरड्यांनी घरटी केली. पिले उडेपर्यंत काम थांबवून ठेवले गेले.

पाहा कसे आहे. तिथला मेंढपाळ भोरडीने यावे म्हणून दगड रचतो. इथला शेतकरी भोरडीने जावे म्हणून गोफणीत दगड घालतो. पाखरू तेच.

यात मेंढपाळ शहाणा आणि आपण वेडे असे नाही. त्याच्या गवताला दाणा नाही, आपल्या ज्वारीला आहे. भोरडी त्याला जमेच्या बाजूला भेटते, आपल्याला खर्चाच्या बाजूला. पण आपल्या वहीतही जमेचे पान आहे. ते आपण उघडून पाहत नाही, एवढेच.

जमेचे पान

भोरड्या जुलैतच वायव्य भारतात उतरू लागतात. आपल्या बाजूला ऑगस्ट-सप्टेंबरपासून दिसतात. तेव्हा रानात गवत असते आणि गवतात नाकतोडे असतात. गुरे चरत चालली की त्यांच्या पायांनी किडे उडतात. भोरड्यांचा थवा गुरांच्या मागे जमिनीवर चालत असतो. मागची पाखरे उडून पुढे बसतात, मग त्यांच्या मागची उडून त्यांच्या पुढे. गालिचा गुंडाळत नेल्यासारखा थवा पुढे सरकतो, आणि त्याखालचे किडे वेचले जातात.

मग येतो हरभरा. हरभऱ्याचा वैरी कोण, हे सांगायला नको. घाटेअळी! अर्धे अंग बाहेर ठेवून, तोंड घाट्यात खुपसून ती आतला दाणा खाते. एक अळी मोठी होईपर्यंत तीस-चाळीस घाटे पोखरते. ही अळी भोरडीला फार आवडते. साळुंकी, कोतवाल आणि बगळेही ती वेचतात. म्हणून हरभऱ्यात पक्ष्यांना बसायला काठ्या रोवायला सांगतात. वर आडवी काठी बांधली की झाला पक्षीथांबा. काही शेतकरी हरभरा पेरताना बियाण्यात ज्वारीचे थोडे दाणे मिसळतात. ती ज्वारी विरळ उगवते, हरभऱ्याच्या वर डोके काढते आणि पाखरे तिच्यावर बसतात. काठी रोवायचे कामही वाचते.

माघ-फाल्गुनात पळस, पांगारा आणि काटेसावर फुलतात. भोरड्या त्या फुलांतला मध पिण्यासाठी झुंबड करतात. तेव्हा त्यांच्या कपाळावर पराग चिकटतो. तो पराग या झाडावरून त्या झाडावर जातो, म्हणून शेंगा धरतात. वड, पिंपळ आणि उंबर यांची फळेही त्या खातात आणि बी लांब नेऊन टाकतात. विहिरीच्या कठड्यात उगवलेला पिंपळ असाच कोणी तरी पाखराने लावलेला असतो. (कठडा फोडतो तो, हेही खरे.)

टोळांचे काय, असे कोणी विचारील. २०२० च्या मे महिन्यात विदर्भात टोळधाड आली. अमरावती, वर्धा, नागपूर या बाजूला टोळ उतरले. तेव्हा भोरड्या कामी आल्या नाहीत, कारण मे महिन्यात त्या माहेरी असतात. उगाच त्यांच्या नावावर न केलेले काम लिहू नये.

खर्चाचे पान

आता ज्वारी. इथे भोरडीची बाजू घेता येत नाही. दाण्यात चिक भरल्यापासून दाणा कडक होईपर्यंतचे तीन-चार आठवडे धोक्याचे. या दिवसांत मोठा थवा रोज येत राहिला तर वावराच्या कडेची कणसे रिकामी होतात. जात मालदांडी असो की परभणीच्या कृषी विद्यापीठाची परभणी मोती असो, पाखराला चिकाची गोडी सारखीच.

शेतकरी बाया सांगतात, "दोन एकर जवारी हाय. राखणीला गडी लावावा तर मजुरी परवडत न्हाई. मग काय, पोराला मचाणावर बसवायचं. महिनाभर साळा बुडती."

हे नुकसान दाण्यात मोजता येत नाही.

पूर्वीही भोरड्या येत होत्या. मग आताच इतका त्रास का? गणित करून पाहू. समजा, एका थव्यात २,००० पाखरे आहेत. गावात १०० एकर ज्वारी आहे. पाखरे सारखी वाटली तर एकरी किती आली? २० आली. वीस पाखरे एकरात काय खातील? राखण करणारा एक पोरगा पुरे. आता समजा, गावात ज्वारी उरली दोनच एकर. बाकी सगळे सोयाबीन, कापूस आणि ऊस. थवा तोच, २,००० पाखरांचा. आता एकरी किती? १,०००!

जिल्ह्यात हेच झाले आहे. ज्वारीचा पेरा घटला. जे थोडे लोक भाकरीसाठी आणि कडब्यासाठी ज्वारी पेरतात, त्यांच्यावर सगळा थवा लोटतो. मग पुढच्या वर्षी तेही म्हणतात, "पाखरासाठी कशाला पेरायची?" आणि ज्वारी सोडून देतात. उरलेल्यांवर थवा आणखी दाट होतो. शेवटी भाकरी विकतच्या पिठाची आणि कडबा विकतचा. हा फेरा भोरडीने सुरू केलेला नाही, पण तो पुरा करायला तिचा हात लागतो.

फेरा तोडायचा तर एकट्याने जमत नाही. गावात पाच-सात घरे ज्वारी पेरणार असतील तर त्यांनी लगतच्या वावरांत आणि एकाच आठवड्यात पेरावी. चिक एकदम भरला तर पाखरे वाटली जातात, आणि राखण पाळीपाळीने करता येते. एकाची ज्वारी लवकर आणि एकाची उशिरा आली तर थव्याला दोन महिने पंगत मिळते. पहिल्या पानावर उठला की दुसऱ्या पानावर बसतो.

पाखरे सकाळी उजाडल्यावर आणि दुपार कलल्यावर जास्त खातात. राखण या दोन वेळी कडक ठेवावी. भर दुपारी थवे झाडावर बसतात. बुजगावणे एकाच जागी उभे ठेवले तर चार दिवसांत पाखरे त्याच्या डोक्यावर बसतात. त्याची जागा बदलावी, सदरा बदलावा. चकाकणारी फीत पिळून कणसांच्या वर ताणून बांधली तर वाऱ्याने वाजते आणि उन्हात चमकते. तिचा उपयोग होतो. पण तीही चिक भरल्यावरच बांधावी. आधीपासून बांधली की पाखरांची भीड चेपते.

कोणी म्हणेल, विष घातले की झाले. तसे करू नका. विष घातलेला दाणा कोंबडी खाते, मेलेले पाखरू कुत्रे खाते, आणि वावरात पोरे हुरडा खात फिरत असतात. शिवाय वन्यजीव संरक्षणाच्या १९७२ च्या कायद्याप्रमाणे भोरडी मारणे गुन्हा आहे. हाकलायला मात्र कायद्याची आडकाठी नाही. खुशाल गोफण वाजवा.

जायची वेळ

संध्याकाळी सगळे थवे एका ठिकाणी गोळा होतात. उसाचा फड, बाभळीचे बन किंवा तळ्याकाठचे पाणकणीस ही त्यांची मुक्कामाची जागा. उतरण्याआधी थवा आभाळात गिरक्या घेतो. हजारो पाखरे, पण एकाचा पंख दुसऱ्याला लागत नाही. ससाणा टपलेला असतो. एवढ्या गर्दीत एकावर नेम धरणे त्याला अवघड जाते. पाहायला पैसे पडत नाहीत. एकदा पोरांना घेऊन जाऊन पाहा.

मार्च उजाडला की या पाखरांच्या अंगात फरक पडू लागतो. त्यांच्याकडे पंचांग नाही, पण दिवस आहे. परभणीत डिसेंबरात दिवस सुमारे अकरा तासांचा असतो, तर जूनमध्ये सव्वातेरा तासांचा. दिवस वाढू लागला की पाखराच्या शरीराला ते कळते. ते जास्त खाऊ लागते आणि कातडीखाली चरबी साठते. ती चरबी म्हणजे प्रवासाची शिदोरी. मग एप्रिलच्या एखाद्या संध्याकाळी बाभळबन अगदी गप्प असते. सासुरवाशीण निघालेली असते.

ती कधी आली आणि कधी गेली, हे आपल्या गावापुरते कोणी लिहून ठेवीत नाही. तुम्हाला आता लिहिता येते. पोराच्या जुन्या वहीचे एक पान घ्या आणि त्यावर असे लिहा :

पहिला थवा दिसला, तारीख .......
किती होत्या? (मोजता आल्या नाहीत तर 'थोड्या', 'पुष्कळ' किंवा 'ढगाएवढ्या' असे लिहा.)
कशावर बसल्या? गवतात, हरभऱ्यात, ज्वारीवर, पळसावर?
आमची ज्वारी चिकात आली, तारीख .......
सर्वांत मोठा थवा आला, तारीख .......
शेवटचा थवा दिसला, तारीख .......

शेजारच्या दोघा-तिघांनाही असेच लिहायला सांगा. पुढच्या वर्षी रब्बीच्या पेरणीआधी, घट बसायच्या सुमारास, ही पाने एकत्र घेऊन बसा. कोणाची ज्वारी कधी चिकात आली आणि थवा कधी मोठा होता, हे ताडून पाहा. मग पेरणीचा आठवडा ठरवा आणि राखणीच्या पाळ्या त्याच पानाच्या मागे लिहून टाका.